इटलीची शिंपीण, न्यूयॉर्कचा कारखाना

न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया या पट्ट्यातल्या स्थानिक वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता वाचल्या तर एक मजकूर पुन्हा पुन्हा भेटतो. जन्म इटलीतल्या अमुक गावी, अमेरिकेत आगमन, ड्रेसच्या कारखान्यात नोकरी, युनियनची सभासद, स्वयंपाकात हातखंडा, सगळं आयुष्य कुटुंबासाठी. मागे मुलं, नातवंडं, पतवंडं. चार ओळींत बाई संपते. ‘कुटुंबासाठी’ हे सगळ्यांनाच कळतं, म्हणून त्यापाशी कुणी थांबत नाही. ‘कारखान्यात नोकरी’ म्हणजे नेमकं काय हे फारसं कुणाला ठाऊक नसतं, म्हणून तिथंही कुणी थांबत नाही. खरं तर ही दोन वेगळी कामं नव्हतीच. सुई तीच, हात तेच. आणि घरासाठी वाटेल तेवढं राबायची तिची तयारी हाच त्या धंद्याचा सगळ्यात स्वस्त कच्चा माल होता.

सुरुवात गावातून व्हायची. सिसिली, कालाब्रिया, कंपानिया, पुल्या या दक्षिणेकडच्या भागांत मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की तिला ‘सार्ता’कडे, म्हणजे बायकांचे कपडे शिवणाऱ्या बाईकडे, शिकायला धाडायचे. तिला ‘माएस्त्रा’ म्हणायचं आणि पगाराची अपेक्षा ठेवायची नाही. आधी झाडलोट, मग लोहचुंबकानं जमिनीवरच्या टाचण्या गोळा करणं, मग शिवून झालेल्या कपड्यातला कच्चा धागा उपसणं. त्यानंतर कापडाच्या सुट्या कडांवरचे टाके, त्यांना ‘सोप्राज्जित्तो’ म्हणतात. मग हेमिंग, आणि पुष्कळ दिवसांनी काज.

हातानं केलेल्या काजावर शिकाऊ मुलगी ओळखू येते. सैल विणीचं कापड आधी कापलं तर टाका पडायच्या आतच त्याचे धागे निघू लागतात. म्हणून काजाच्या रेषेभोवती आधी बारीक धावदोरा घालायचा, मग चीर द्यायची, कडा झटपट भरून घ्यायच्या, कडेला जाड दोरा ठेवायचा आणि तो आत घेत गाठीचे टाके घालत जायचं. प्रत्येक टाका सारख्या खोलीचा, दोन-तीन मिलीमीटरचा. एखादा खोल गेला की काज वाकडं दिसतं, उथळ राहिला की बटण लावता-काढता तेवढ्याच जागी उसवतं. दोरा हातभरापेक्षा लांब घ्यायचा नाही, त्याला पीळ पडतो. मेणावरून ओढून घेतला की गुंतत नाही.

कापड बेतणं मात्र सहजासहजी शिकवत नसत. बेतता येऊ लागलेली शिष्या म्हणजे उद्या पलीकडच्या गल्लीत दुकान थाटणारी बाई. इटालियन कारागिरांत म्हणतात की धंदा डोळ्यांनी चोरायचा असतो. माएस्त्रा कापडावर खडू फिरवत असताना समोर बसून हेम घालणाऱ्या मुली तेच करत असत.

घरी याच मुलींचं ‘कोर्रेदो’ तयार होत असे, म्हणजे लग्नात बरोबर न्यायच्या चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ, रात्रीचे कपडे. ऐपतीप्रमाणे प्रत्येक वस्तू सहा किंवा बारा, त्यावर नावाची आद्याक्षरं भरलेली. बोटीतून उतरताना ज्या मुली आम्हाला काही येत नाही म्हणत, त्यांच्या पेटीत बऱ्याचदा असं काम असे की न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानानं ते काचेत मांडलं असतं.

१८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत गेले, त्यांतले बहुसंख्य दक्षिणेचे. एकट्या १९०७ सालात २ लाख ८५ हजार. साधारणतः आधी पुरुष जायचा, रस्ते, बोगदे, इमारती यांवर मजुरी करायचा, मग बायकामुलांना बोलवायचा. बांधकाम थंडीत बंद पडतं आणि घरभाडं काही बंद पडत नाही. तिथं बाईची सुई कामाला आली.

सुईही आधी घरातच चालली. बाईनं परक्या पुरुषांत जाऊन काम करणं नवऱ्याला किंवा बापाला पसंत नसे, पाळण्यात मूल असे, इंग्रजी येत नसे. कंत्राटदारांना हे पक्कं माहीत होतं. मॅनहॅटनमधल्या एलिझाबेथ स्ट्रीट, मलबेरी स्ट्रीटसारख्या गल्ल्यांतून बायका कोट-पँटींचे गठ्ठे डोक्यावर घेऊन घरी यायच्या. बालमजुरीविरोधी समितीसाठी फिरणाऱ्या छायाचित्रकार लुईस हाइनच्या १९१० च्या सुमाराच्या छायाचित्रांत या बायका दिसतात. तसंच स्वयंपाकाचं टेबल दिसतं, त्याच्याभोवती आई, आजी आणि मुलं. अस्तर आतून टाचणं, पायाशी हेम घालणं, बटणं लावणं हे मोठ्यांचं काम आणि कच्चा धागा उपसणं लहानांचं. एका पँटीमागे काही सेंट मिळत. दिव्याचं तेल, कोळसा, सुई हा खर्च घरचा, जागेचं भाडं घरचं आणि पोरांची मजुरी फुकट. कारखानदाराला एवढा स्वस्त कारखाना दुसरीकडे कुठं मिळणार होता? याला कुटुंबवत्सलता म्हणावं की शोषण, हा वाद अभ्यासकांनी खुशाल घालावा. टेबलाशी बसलेल्या बाईच्या लेखी ते शनिवारचं भाडं होतं.

पुढे मुली मोठ्या झाल्या आणि कारखान्यात जाऊ लागल्या. थोरली धाकटीला बरोबर न्यायची, कधी आईही सोबत असायची, घरच्यांचा जीव त्यानं निर्धास्त राहायचा. २५ मार्च १९११ ला, शनिवारी संध्याकाळी पावणेपाचच्या सुमारास, वॉशिंग्टन प्लेसवरच्या ॲश बिल्डिंगमध्ये ट्रायँगल कंपनीच्या आठव्या मजल्यावर कापडाच्या चिंध्यांना आग लागली. त्या कारखान्यात तलम सुती ब्लाउज शिवत, वर कागदी पॅटर्न टांगलेले असत. नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा कुलूपबंद होता. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचली. १४६ माणसं गेली. त्यांत १२३ बायका आणि मुली, बहुतेक ज्यू आणि इटालियन. माल्टीज नावाच्या सिसिलियन घरातल्या आई आणि दोन मुली अशा तिघी एकाच संध्याकाळी गेल्या. धाकटी १४ वर्षांची होती. तिघी एकाच ठिकाणी कामाला होत्या, कारण एकत्र असलं की सुरक्षित, अशीच समजूत होती. मालकांवर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले.

आगीच्या वर्षभर आधीच्या हिवाळ्यात, १९०९-१० मध्ये, ब्लाउज शिवणाऱ्या हजारो मुलींनी मोठा संप केला होता. त्यात इटालियन मुली तुलनेनं कमी होत्या. ‘या बायकांना संघटना कळत नाही’ असं तेव्हा खुशाल म्हटलं गेलं. पण सभा व्हायच्या बहुतेक यिद्दिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंच्या भाषेत. पालेर्मोहून आलेल्या मुलीला व्यासपीठावरचं एक अक्षर कळत नसे, आणि रात्री सभेला जाते म्हटल्यावर घरी काय बोलणी बसत ते वेगळंच. १९१९ मध्ये बायकांचे कपडे शिवणाऱ्यांच्या युनियनची (इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियन) इटालियन ड्रेस शिवणाऱ्यांसाठी स्वतंत्र शाखा, लोकल ८९, निघाली. कामकाज इटालियनमध्ये, पुढारी लुईजी अँतोनिनी. ऑगस्ट १९३३ च्या ड्रेस उद्योगाच्या संपानंतर तिची सभासदसंख्या ४० हजारांच्या घरात गेली आणि ती त्या सगळ्या युनियनमधली सगळ्यात मोठी शाखा झाली. भाषा बदलली आणि बायका आल्या, एवढी साधी गोष्ट होती.

अँजेला बांबाचे हे नाव इथं घ्यायलाच हवं. जन्म ब्राझीलमधला, आईबाप इटालियन, वाढली ईस्ट हार्लेममध्ये. तरुणपणी ब्लाउजच्या कारखान्यात कामाला लागली आणि १९१९ च्या संपात बहिणीबरोबर इटालियन घरांचे दरवाजे ठोठावत फिरली. असं सांगतात की त्यांची आई लाटणं घेऊन मुलींसोबत जायची, वाटेत कुणी आडवं आलं तर असावं म्हणून. पुढे अँजेलाचं लग्न मोडलं आणि तिच्या चळवळीवर बोट ठेवून तिच्या दोन मुलांचा ताबा तिच्याकडून काढून घेतला गेला. १९५६ मध्ये ती युनियनची उपाध्यक्ष झाली. त्या पदावर पोचलेली ती पहिली इटालियन-अमेरिकन स्त्री. कुटुंबासाठी वाहिलेली बाई या व्याख्येत न्यायालयानं तिला बसवलं नाही. तिनं मात्र जन्मभर दुसऱ्यांच्या घरातल्या पगाराचीच भांडणं भांडली.

आता कारखान्यात शिरू. बाहेरून सगळ्यांना वाटतं की ड्रेसच्या कारखान्यात बायका ड्रेस शिवतात. शिवायच्या, पण तुकडे. कटर लांब टेबलावर कापडाचे थरावर थर पसरतो आणि विजेच्या सुरीनं एकदम कापतो. कटर जवळपास नेहमी पुरुष, आणि पगार जास्त. प्रत्येक थराच्या प्रत्येक तुकड्यावर आकडा चिकटवतात, कारण एकाच रंगाच्या दोन ताग्यांत हटकून छटा बदलते. १७ नंबरची बाही १९ नंबरच्या अंगाला लागली तर मशीनवर कळत नाही. इस्त्री होऊन कपडा उजेडात टांगला की डावी बाही निराळीच दिसते, मग तो ड्रेस परत येतो. उसवायचं आणि पुन्हा शिवायचं, तेही फुकट, कारण मजुरी नगावर असते. गठ्ठ्यासोबत तिकीट असतं, त्यावर प्रत्येक कामाचं एक कुपन. आपलं काम झालं की आपलं कुपन कापून वहीत चिकटवायचं, आठवड्याच्या शेवटी तेवढेच पैसे. तिकीट हरवलं तर मजुरीही गेली.

घरच्या पायमशीनवर हात बसलेल्या बाईला पहिले काही दिवस कारखान्यातली मशीन आवरत नाही. मिनिटाला दोन हजारांहून जास्त टाके, मोटर सतत फिरती, पाय जरा जोरात पडला की कापड हातातून निसटतं. बोटातून सुई आरपार जाणं हा या धंद्यातला नेहमीचा अपघात. सुई बोटात मोडली तर तुकडा आत राहिला नाही ना, हे आधी पाहायचं. दुसरी अडचण मापाची. ती विचार करते सेंटिमीटरमध्ये, इथं सगळं इंचात. गावाकडे ती शिवणीला दोन-तीन सेंटिमीटर मार्जिन ठेवायची, उद्या अंग भरलं तर कपडा सैल करता यावा म्हणून. कारखान्यात तीन अष्टमांश इंच, म्हणजे सेंटिमीटरही नाही. तयार ड्रेस घेणारी गिऱ्हाईक जाडी झाली तर तिनं नवा घ्यावा, हाच तर धंदा.

बाही चढवणं हे यातलं सगळ्यात कौशल्याचं काम. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा, म्हणजे अंगाला बाही जोडायच्या भोकापेक्षा, इंच-दीड इंच मोठा कापलेला असतो, नाहीतर हात पुढे नेता येत नाही. हे जादा कापड चुणी न पडता मुंढ्यात जिरवायचं असतं. लोकर वाफेवर आखडते, त्यामुळे निमूट जिरते. १९७० च्या दशकात पॉलिएस्टरचं जाड विणीव कापड आलं, ते आखडतच नाही. तोच पॅटर्न, तेवढीच मजुरी, आणि खांद्यावर बारीक सुरकुत्या. अशा वेळी बाहीचा गोलच कमी करून कापायला हवा, हे पॅटर्न करणाऱ्याला सांगायची वेळ मशीनवाल्या बाईवर यायची. ऐकणारा भेटला तर नशीब.

गावी सार्ताकडे घालवलेली वर्षं इथं वेगळ्याच ठिकाणी उपयोगी पडली. नवं डिझाइन आलं की नगामागची मजुरी ठरवायला कारखान्यात प्राइस कमिटी बसायची. मालकाची माणसं एका बाजूला, कामगारांतल्या काही जणी दुसऱ्या बाजूला, मध्ये नमुन्याचा ड्रेस. फक्त कॉलर लावायला शिकलेल्या बाईला त्या ड्रेसकडे पाहून काही सांगता येत नाही. जिला अख्खा कपडा बेतता आणि शिवता येतो तिला कळतं की या खिशाला दोनदा वळण आहे, हा टक तिरक्या कापडावर आहे, इथं प्रत्येक नगामागे जादा मिनिट जाणार. इंग्रजी मोडकं असलं तरी बोट ठेवून दाखवता येतं. डोळ्यांनी चोरलेला धंदा असा मजुरीत वसूल व्हायचा.

संध्याकाळी घरी तेच हात पुन्हा शिवायला बसायचे. यातलं एक काम सविस्तर सांगण्याजोगं आहे: कोट उलटवणं. आपल्याकडे शर्टाची कॉलर झिजली की शिंप्याकडून पलटवून घ्यायचे, ते जुन्या वाचकांना आठवत असेल. इटलीत गरिबीच्या आणि युद्धाच्या काळात अख्खा ओव्हरकोट असा पलटवत.

आधी कापड पाहायचं. दाट, जाड लोकर असेल तर आतली बाजू नव्यासारखी निघते. ज्याची उलटी बाजू वेगळीच दिसते त्या कापडाच्या नादी लागू नये. उसवण्याआधी प्रत्येक भागावर रंगीत दोऱ्यानं खूण: डावा पुढा, उजवा पुढा, कुठली बाही, खांद्याचा जोड कुठं. एकदा सगळं सुटं झालं की खुणेशिवाय काही कळत नाही. आधी अस्तर, मग बाह्या, कॉलर, खांदे, शेवटी बाजूच्या शिवणी. पातं टाक्यात घालायचं, कापडाकडे वळवायचं नाही. शिवणीत वर्षांची धूळ साठलेली असते, ती ब्रशनं झाडायची आणि ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवायची. छातीतलं कडक कॅनव्हास जुन्या बाजूला बसलेलं असतं, ते पुन्हा नव्यानं टाचावं लागतं. जुन्या टाक्यांच्या भोकांपाशी कापड कमकुवत झालेलं असतं, म्हणून नवी शिवण थोडी आत घ्यावी लागते आणि कोट एका मापानं लहान होतो.

खरी गंमत पुढेच आहे. कापड उलटलं की डावा पुढा उजवा होतो. छातीवरचा खिसा डावीकडून उजवीकडे जातो, काजंही उजवीकडे. पुरुषाच्या अंगावर असा कोट पाहिला की तो उलटवलेला आहे हे पाहणाऱ्याला लगेच कळे. ते लपवायचं तर हेममधल्या कापडाचे धागे ओढून जुनी काजं रफू करायची आणि डावीकडे नवी पाडायची. शहाण्या बाईला दुसरा मार्ग सुचे. बायकांच्या कपड्यांना काजं उजवीकडेच असतात. नवऱ्याचा कोट उलटवून मुलीसाठी कापला तर काजांना हात लावायला नको, माप लहान झालं तेही पथ्यावर, आणि झिजलेली कोपरं, बाह्यांच्या कडा लहान मापात आपोआप कापल्या जातात.

दुसरं घरचं मोठं काम म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलीचा फर्स्ट कम्युनिअनचा, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायच्या कॅथलिक विधीचा, पांढरा ड्रेस, बऱ्याचदा आईच्या लग्नाच्या ड्रेसमधून काढलेला. साटीनवर सुईचं भोक कायम राहतं, म्हणून जुन्या शिवणींच्या आतच नवे भाग बसवावे लागतात. आणि सगळे भाग एकाच दिशेनं कापायचे, नाहीतर एक भाग उजळ आणि शेजारचा काळपट दिसतो. आजीचा १९२० च्या आसपासचा रेशमी ड्रेस असेल तर आधी घडीपाशी हलकेच ओढून पाहावं. त्या काळी रेशीम जड वाटावं म्हणून त्यात धातूंचे क्षार भरत. असं रेशीम पेटीत ठेवल्या ठेवल्या घडीवर चिरतं. ते कापायला घेऊच नये, त्याची लेसच काय ती वापरावी. आईचा ड्रेस युद्धानंतरचा, अ‍ॅसिटेट साटीनचा, असेल तर इस्त्री अगदी कोमट. गरम लागली की कापड वितळून चकाकतं आणि तो डाग पुन्हा जात नाही.

१९२४ च्या कायद्यानं इटलीचा कोटा वर्षाला ३,८४५ माणसांवर आणला होता. १९६५ च्या कायद्यानंतर पुन्हा रीघ लागली, आता भावा-बहिणींच्या बोलावण्यावरून. या नव्या बायकांपैकी कित्येकींनी घरी नेक्की मशीन वापरलेली होती. इटलीतल्या पावियाच्या या कंपनीची १९५७ ची ‘मिरेल्ला’ न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे, आणि तिथं ती शोभतेही. ब्रुकलिनमध्ये बेन्सनहर्स्टसारख्या इटालियन वस्त्यांत कंत्राटदारांनी कारखानेच घरांजवळ काढले. या बायका लांब जाणार नाहीत, पण मुलं शाळेतून यायच्या वेळेला घरी पोचता येत असेल तर कमी पैशातही येतील, हा हिशेब १९१० चाच होता.

पेनसिल्व्हेनियात पिट्स्टनच्या आसपास कोळशाच्या खाणी आटत गेल्या. २२ जानेवारी १९५९ ला नॉक्स खाणीत सस्क्वेहॅना नदी घुसली, १२ जण गेले आणि त्या भागातली खोल खाणकामाची उरलीसुरली आशाही गेली. तोवर कित्येक घरांत बायको ड्रेसच्या कारखान्यात आणि नवरा चुलीपाशी, अशी उलटापालट झालीच होती. पगाराचं पाकीट बाईच्या हाती आलं तरी घरचा मुख्य तोच, असं सगळे धरून चालत. बाईही.

१९७० नंतर आयात कपड्यांपुढे हे कारखाने टिकले नाहीत. इटालियन बायका निवृत्त होत गेल्या. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या मशीनवर चिनी बायका आल्या आणि १९८२ मध्ये चायनाटाऊनमध्ये मोठा संप करून त्यांनी आपला करार मिळवला. १९९५ मध्ये जुनी युनियन दुसऱ्या एका युनियनशी एकत्र होऊन नवी युनियन झाली.

निवृत्तीच्या वेळी कागद काढले की मग हिशेब उघडा पडायचा. सरकारी पेन्शनसाठी ४० तिमाह्यांची नोंदलेली कमाई लागते, म्हणजे किमान १० वर्षं. युनियनच्या पेन्शनमध्ये युनियनच्या कारखान्यात काढलेली वर्षंच धरली जात. मुलं लहान असताना घरी आणलेले गठ्ठे, कंत्राटदारानं हातावर ठेवलेली रोकड, शेजारणीच्या मुलीचा लग्नाचा ड्रेस, ड्रायक्लीनरच्या दुकानासाठी आखूड केलेल्या पँटी, यातलं काहीच त्यात येत नसे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं शिवलेल्या बाईच्या नावावर कागदोपत्री त्यातली काहीच वर्षं निघत, आणि महिन्याचा चेक त्याच मापानं बेतलेला असे.